तापमान बरोबर, तरी हीटर जळालेला! करंटवरून बिघाड कसा पकडतात?

मी काही महिने प्लॅस्टिक मोल्डिंगच्या एका छोट्या युनिटमध्ये पॅनलची कामं करत होतो. एका रात्रपाळीत मशीनमधून अर्धवट भरलेले पीस पडायला लागले. डिस्प्लेवर मात्र सेट 220 अंश, प्रत्यक्षातही 220. ऑपरेटर मटेरियलला दोष देत राहिला आणि दोन पोती माल वाया गेला. सकाळी टाँग टेस्टर लावला तेव्हा कळलं, त्या झोनच्या तीन बँड हीटरपैकी एक केव्हाच गेलाय.

मग तापमान बरोबर कसं? झोनमध्ये थर्मोकपल एकाच जागी असतो आणि कंट्रोलर फक्त तेवढंच बघतो. एक हीटर गेला की तो उरलेल्या दोघांना जास्त वेळ चालू ठेवतो आणि आकडा गाठतो. मेलेल्या हीटरखालचा भाग मात्र थंडच राहतो. म्हणून हीटर जिवंत आहे का, हे तापमानाला नाही, करंटला विचारायचं.

हिशोब सोपा आहे. 230 व्होल्टवर 1000 वॉटचा हीटर साधारण 4.35 अँपिअर घेतो. तीन पॅरलल असले की 13, एक गेला की 8.7. आता अलार्म कितीवर ठेवायचा? 12 वर ठेवला तर फसाल, कारण व्होल्टेज 10 टक्के पडलं की धडधाकट हीटरही 11.7 च घेतात आणि उगाच बोंब होते. मी मधोमध, 10.9 च्या आसपास ठेवतो. व्होल्टेज 10 टक्के वाढलं तरी दोन हीटरचा करंट 9.6 च्या वर जात नाही, त्यामुळे बिघाड सुटत नाही. पण एकाच वायरवर दहा हीटर असतील तर? एक गेल्यावर करंट 10 टक्केच कमी होणार, म्हणजे व्होल्टेजच्या चढउताराइतकाच. तिथे हीटरचे गट पाडून प्रत्येक गट वेगळा मोजावा लागतो.

करंट मोजायला सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर वापरतात. ही एक रिंग असते, तिच्यातून हीटरची एकच वायर न्यायची. दोन्ही नेल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. (ही चूक मीही केलीय.) आणि करंट चालू असताना सीटीची आउटपुट वायर कधीच मोकळी सोडू नका, तिथे घातक व्होल्टेज तयार होऊ शकतं.

थ्री-फेज डेल्टा जोडणीत आणखी एक गोम आहे. एक एलिमेंट तुटलं की दोन लाइनमधला करंट 58 टक्क्यांवर येतो, तिसरीत काहीच फरक पडत नाही. सीटी नेमका तिसऱ्या लाइनवर असेल तर सगळं आलबेल दिसेल. म्हणून किमान दोन सीटी लागतात.

मोजायचं कधी, हेही महत्त्वाचं. कंट्रोलर हीटर सतत चालू-बंद करतो, त्यामुळे ‘करंट कमी’ हा अलार्म आउटपुट चालू असतानाच तपासायचा. आउटपुट बंद असतानाही करंट दिसला तर समजा एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले, शॉर्ट झालाय. हा बिघाड मला जास्त भीतीदायक वाटतो. एसएसआर बिघडले की बहुतेकदा शॉर्टच होतात. कंट्रोलर ‘बंद कर’ म्हणतो आणि हीटर तापतच राहतो. प्लॅस्टिक जळतं, कधी आगही लागते. इथे नुसता अलार्म पुरत नाही, सप्लाय तोडणारा वेगळा कॉन्टॅक्टर हवाच.

या पद्धतीने लीकेज मात्र सापडत नाही. हीटरच्या आतल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत ओल शिरली की काही मिलिअँपिअर बॉडीत उतरतात. 13 अँपिअरच्या वाचनात ते दिसणारही नाहीत. त्यासाठी मेगर किंवा आरसीसीबीच लागते, आणि आरसीसीबी काम करते ती वर सांगितलेल्या ‘चुकी’वरच: दोन्ही वायर एकाच रिंगमधून, आणि शून्य आलं नाही की ट्रिप.