केपलरची आई आणि विद्यापीठापुढचा प्रश्न

शाळेत केपलरचे नाव निघते ते ग्रहगतीच्या तीन नियमांसाठी. त्यातला तिसरा नियम ज्या ग्रंथात आला, तो १६१९ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १६२० मध्ये, केपलरच्या आईला चेटकीण म्हणून अटक झाली. ही दुसरी गोष्ट आपण वर्गात सहसा सांगत नाही.

काटारीना केपलर तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. नवरा कधीच घर सोडून गेलेला. जर्मनीतल्या लेओनबेर्ग गावात ती राही, झाडपाल्याची औषधे देई. १६१५ साली गावातल्या एका बाईने तक्रार केली की काटारीनाने दिलेले पेय प्यायल्यापासून आपले दुखणे सुरू झाले. या दोघींचे आधीपासून पटत नव्हते. एकीने तोंड उघडल्यावर इतरांनाही जुन्या गोष्टी आठवू लागल्या. गावच्या शाळामास्तरानेही सांगितले की तिच्या घरी पेय घेतल्यापासून माझा पाय अधू झाला.

केपलर लिंझहून धावत आला आणि आईच्या बचावाचे काम त्याने स्वतः अंगावर घेतले. एकेक आरोप घेऊन त्याने त्याचे साधे, नैसर्गिक कारण दाखवले. मास्तरांचा पाय, त्याच्या मते, चर ओलांडताना मारलेल्या उडीमुळे दुखावला होता. मात्र चेटकिणी जगात नसतातच, असे केपलरने म्हटले नाही. त्याचे म्हणणे एवढेच होते की या बाईविरुद्धचा पुरावा हा पुरावाच नव्हे.

निकाल कोणी द्यायचा? अवघड खटल्यांची कागदपत्रे विद्यापीठाच्या कायदा विभागाकडे पाठवण्याची तेव्हा जर्मनीत रीत होती. ही कागदपत्रे ट्यूबिंगेनला गेली. केपलर स्वतः ज्या विद्यापीठात शिकला, तेच हे विद्यापीठ! तिथल्या विद्वानांनी मत दिले की बाईला छळाची हत्यारे दाखवून घाबरवावे आणि कबुली मिळते का पाहावे. सप्टेंबर १६२१ मध्ये तसे केले गेले. म्हातारीने काहीही कबूल केले नाही. चौदा महिन्यांच्या कैदेनंतर ती सुटली आणि एप्रिल १६२२ मध्ये वारली.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. चेटूक, करणी, डाकीण अशा समजुती हा विद्यापीठात अभ्यासण्याचा विषय आहे का? पुष्कळ विज्ञानप्रेमी मंडळी चटकन ‘नाही’ म्हणतात. अशा विषयाला विद्यापीठात जागा दिली तर अंधश्रद्धेला प्रतिष्ठा मिळेल, अशी त्यांना भीती वाटते. ही भीती निराधार नाही. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करायचे ठरवले, तेव्हा देशभरच्या वैज्ञानिकांनी विरोध केला. पण तिथे ज्योतिष हे ज्ञान म्हणून शिकवायचे होते. समजूत खरी मानून शिकवणे वेगळे आणि समजूत का निर्माण होते हे तपासणे वेगळे.

ट्यूबिंगेनच्या विद्वानांपुढे प्रश्न होता, ‘ही बाई चेटकीण आहे का?’ आजचा इतिहासकार विचारतो, ‘गावाला ती चेटकीण का वाटली?’ प्रश्न असा बदलायला फार काळ लागला. हाल विद्यापीठातला कायद्याचा प्राध्यापक ख्रिस्टियान थोमासियुस याच्याकडे १६९४ साली असाच एक खटला आला. प्रचलित ग्रंथ वाचून त्याने बाईला यातना द्याव्यात असे मत दिले. सहकाऱ्यांनी पुरावा अपुरा म्हणून ते फेटाळले. थोमासियुसला हे लागले. त्याने सारा विषय मुळापासून तपासला आणि १७०१ साली या गुन्ह्याची कल्पनाच टिकत नाही असे लिहिले. १७१४ मध्ये प्रशियाच्या राजाने अशा खटल्यांवर कडक बंधने घातली.

पुढच्या अभ्यासाने काय दिले? १७८४ साली फोइग्ट नावाच्या जर्मन लेखकाने एका गावच्या नोंदींवरून साऱ्या युरोपचे गणित मांडले आणि नव्वद लाखांहून अधिक बळींचा आकडा काढला. तो पुढे शंभर-दीडशे वर्षे फिरत राहिला, सुधारकांच्या तोंडीही. न्यायालयांची दप्तरे तपासल्यावर इतिहासकारांचा आजचा अंदाज सुमारे चाळीस ते साठ हजारांचा आहे. बळींत बहुसंख्य स्त्रिया होत्या. हा छळ मध्ययुगातला, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्याचा जोर होता १५६० नंतरच्या शंभरेक वर्षांत, म्हणजे गॅलिलिओ आणि केपलर यांच्याच काळात! १९७०-७१ मध्ये ॲलन मॅक्फार्लेन आणि कीथ थॉमस यांनी इंग्लंडच्या नोंदींतून दाखवले की आरोप बहुधा शेजाऱ्यांतच होत. दारी आलेल्या गरीब म्हातारीला विन्मुख पाठवायचे. मग घरात दुखणे आले की मनातली टोचणी तिच्यावरच आरोप बनून उलटे.

हे वाचताना आपल्याला सातपुड्यातल्या डाकिणीची आठवण होते. तिथेही घरातले आजारपण, मृत्यू, जमिनीचे वाद यांतून एखाद्या बाईवर बोट रोखले जाते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि तो हवाच होता. पण कायदा येतो बोट रोखल्यानंतर. ते बोट कोणत्या घरातून, कोणत्या भांडणातून उठते, हे समजायला गावात बसून ऐकणारा, नोंदी ठेवणारा अभ्यासक लागतो.

विद्यापीठांचे या बाबतीत एक जुने देणेही आहे. चारशे वर्षांपूर्वी त्यांनी अशा बायकांचे निवाडे केले. आता त्यांनी त्या निवाड्यांचा अभ्यास करावा. आणि पुढच्या वेळी वर्गात तिसरा नियम शिकवताना दोन मिनिटे काढून मुलांना काटारीनाबद्दल सांगावे. ‘मास्तरांचा पाय कशाने अधू झाला?’ हा प्रश्न त्यांनाच विचारावा. ‘दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ घडल्या, म्हणून एकीने दुसरी घडवली का?’ असे एखाद्याने उलट विचारले, तर धडा पोचला म्हणायचे.