नौदलाची जलसमाधी, आणि घरच्यांच्या हातात फक्त अक्षांश-रेखांश

मागच्या एपिसोडनंतर खूप जणांनी लिहिलं की नौदलावर अजून काहीतरी करा. तर आजचा विषय नौदलाचाच आहे, पण लढाईचा नाही. लढाई संपल्यावर, नोकरी संपल्यावर, माणूस म्हातारा होऊन गेल्यावर त्याला कुठे ठेवायचं, याचा आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी 'बरियल ॲट सी' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो मे २०११ मध्ये. ओसामा बिन लादेनला मारलं आणि अमेरिकेच्या 'कार्ल व्हिन्सन' या विमानवाहू जहाजावरून त्याचा देह समुद्रात सोडला. त्यामागे एक हेतू असा होता की त्याची कबर कुठे राहू नये, तिथे कुणी जाऊ नये. गंमत बघा, हीच गोष्ट अमेरिकन नौदल आपल्या माजी सैनिकांसाठी सन्मान म्हणून करतं. अर्ज करून मिळते, आणि नौदल त्याचे पैसे घेत नाही. फक्त देह किंवा अस्थी ठरलेल्या बंदरापर्यंत पोचवायचा खर्च घरच्यांचा.

आणि हे फक्त सैनिकापुरतं नाही. नोकरीत असलेले, निवृत्त झालेले, सन्मानाने सेवामुक्त झालेले, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले घरचे लोकसुद्धा यात बसतात. म्हणजे नौसैनिकाच्या बायकोलाही हा हक्क आहे. पूर्ण देह शवपेटीत घालून सोडता येतो, अस्थिकलश सोडता येतो, किंवा राख समुद्रावर पसरता येते.

मी दिवसभर कोड लिहितो. त्यामुळे मला कुठल्याही विषयात आधी स्पेसिफिकेशन कुठे आहे ते बघायची सवय. इथे ते आहे, आणि ते वाचताना पोटात जरा कसंतरी होतं. अमेरिकेत १९७२ च्या सागर संरक्षण कायद्याखाली ही परवानगी येते आणि नियम पर्यावरण खातं, म्हणजे ईपीए ठरवतं. किनाऱ्यापासून कमीत कमी ३ सागरी मैल, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर. पूर्ण देह असेल तर पाण्याची खोली कमीत कमी ६०० फूट, फ्लोरिडाच्या आणि मिसिसिपीच्या मुखाजवळच्या काही भागांत १८०० फूट. शवपेटी धातूची हवी, आणि तिला दोन-दोन इंचांची निदान वीस भोकं पाडायची.

भोकं कशाला? कारण बंद पेटी म्हणजे बोट. आत हवा राहिली की ती तरंगणार. पाणी पटकन आत शिरलं पाहिजे, हवा पटकन बाहेर गेली पाहिजे. वर वजन वाढवायला वाळू किंवा काँक्रीट, पण शिसं नाही, कारण ते विषारी. झाकण उघडू नये म्हणून पेटीभोवती पट्टे किंवा साखळ्या आवळायच्या. फुलं वाहायची तर खरी, प्लॅस्टिकची नाहीत. आणि सगळं झाल्यावर तीस दिवसांच्या आत ईपीएला कळवायचं. यातली प्रत्येक ओळ वाचताना मला वाटत राहिलं की कधीतरी, कुठेतरी, एखादी पेटी खरोखर बुडाली नसेल, म्हणून ही ओळ लिहावी लागली. आमच्या कामातही असंच असतं. विचित्र वाटणाऱ्या अटीमागे बहुतेक वेळा एक वाईट दिवस असतो.

पण माझं लक्ष अडकलं ते दुसऱ्याच अटीवर. समारंभ जहाज कामगिरीवर निघालेलं असताना होतो, त्यामुळे घरच्यांना जहाजावर येता येत नाही.

आपल्याकडे कसं असतं? नाशिकला रामकुंडावर, पंढरपूरला चंद्रभागेत, नाहीतर कोकणात समुद्रावर, अस्थी सोडताना घरचाच माणूस पाण्यात उभा असतो. हातातून सोडतो. इथे ते सगळं अनोळखी मुलं करतात, विशी-पंचविशीतले नौसैनिक, ज्यांनी त्या माणसाला कधी पाहिलेलंही नसतं. झेंडा अर्ध्यावर येतो, धर्मगुरू किंवा कप्तान प्रार्थना म्हणतो, रायफलींच्या तीन फैरी झडतात, पेटी पायांच्या बाजूने पाण्यात सरकते, बिगूल वाजतो. मग जहाज पुढच्या कामाला. घरी कप्तानाचं पत्र येतं, त्यात तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश. पेटीवर किंवा कलशावर घातलेला झेंडा परत येतो, बऱ्याचदा फोटो किंवा व्हिडिओही येतो. बस. आता तुमच्याकडे वडिलांची जागा म्हणून दोन आकडे आहेत. मॅपवर टाकले तर निळा रंग दिसतो.

अपवाद आहेत. नील आर्मस्ट्राँग, चंद्रावर उतरलेला पहिला माणूस, त्याआधी नौदलाचा वैमानिक होता, कोरियाच्या युद्धात ७८ उड्डाणं केलेला. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तो गेला आणि १४ सप्टेंबरला 'फिलिपीन सी' या जहाजावरून अटलांटिकमध्ये त्याच्या अस्थी सोडल्या. पत्नी कॅरोल जहाजावर होत्या, झेंडा घडी करून कप्तानाने त्यांच्या हातात दिला. १९९९ मध्ये जॉन एफ. केनेडी ज्युनियर विमान अपघातात गेला तेव्हा 'ब्रिस्को' या विनाशिकेवरून अस्थी सोडताना कुटुंब हजर होतं, आणि तो तर कधी नौदलात नव्हताही. त्यावर तेव्हा टीका झाली होती आणि मला ती बरोबर वाटते. आर्मस्ट्राँगचं एकवेळ समजू शकतो. पण तीस वर्षं इंजिनरूममध्ये घाम गाळलेल्या माणसाच्या बायकोला पत्र, आणि राष्ट्राध्यक्षाच्या मुलासाठी अख्खं जहाज, हे काही पटत नाही.

आता थोडं मागे जाऊ. शिडाच्या जहाजांच्या काळात हा सन्मान वगैरे नव्हता, नाइलाज होता. बंदर आठवडे-आठवडे लांब, जहाजावर बर्फ नाही. ज्या झोळीत खलाशी झोपायचा तीच झोळी त्याच्याभोवती शिवायची, पायाशी तोफेचे गोळे. शेवटचा टाका नाकातून घालायचे असं सांगतात, माणूस खरंच गेलाय ना याची खात्री म्हणून. आणि मोठ्या माणसांना हे नको असायचं! २१ ऑक्टोबर १८०५, ट्रफाल्गरची लढाई. ॲडमिरल नेल्सन गोळी लागून मरणाच्या दारात आहे आणि कप्तान हार्डीला सांगतो, मला पाण्यात टाकू नका. मग त्याचा देह ब्रँडीच्या पिंपात घालून इंग्लंडला नेला आणि जानेवारी १८०६ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये पुरला. त्याच लढाईतले साधे खलाशी मात्र समुद्रात. म्हणजे केनेडी प्रकार जुनाच आहे.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये पुन्हा तोच नाइलाज आला. यातली एक गोष्ट तुम्ही यूट्यूबवर पाहिलीही असेल, कारण तिचं चित्रीकरण आहे. ५ नोव्हेंबर १९४४. 'एसेक्स' या विमानवाहू जहाजावरचं एक अ‍ॅव्हेंजर विमान मनिलाच्या उपसागरावर हल्ला करून परत येतं. वैमानिक शाबूत आहे, पण मागच्या काचेच्या बुरुजात बसलेला तोफची लॉइस डीन विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात ठार झालेला. वय २३. मारा इतका भयंकर होता की त्याला बुरुजातून बाहेर काढायचंच नाही असं ठरलं. ओळखीसाठी बोटांचे ठसे घेतले, वर कापड झाकलं, डेकवर सगळे गोळा झाले, प्रार्थना झाली आणि अख्खं विमान त्याच्यासकट मागच्या टोकावरून समुद्रात ढकललं. युद्धात एकेक विमान मोजून वापरलं जात असताना. ते पाण्यावर काही क्षण तरंगतं, मग नाक खाली घालून जातं. हा व्हिडिओ बघायचा तर एकटे असताना बघा, मीटिंगच्या मधल्या पाच मिनिटांत नको.

मराठीत आपण जलसमाधी हा शब्द दोन्हीसाठी वापरतो. संत घेतात तीही जलसमाधी आणि पेपरात 'बोटीला जलसमाधी' तीही. आपल्या नौदलाच्या बाबतीत दुसराच अर्थ आधी आठवतो. 'आयएनएस खुकरी'. डिसेंबर १९७१ मध्ये ती मुंबईहून निघाली आणि ९ तारखेच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने तिला टॉर्पेडो मारला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफजॅकेट दुसऱ्याला दिलं आणि जहाजाबरोबर गेले. महावीर चक्र मरणोत्तर. दीवला फिरायला जाता ना, तिथे टेकाडावर समुद्राकडे तोंड करून काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती आहे. बहुतेक जण तिथे सेल्फी काढतात, पण समोर जे पाणी दिसतं त्याच समुद्रात ती माणसं आहेत. त्यांना कुठलाही फॉर्म भरायची, काही निवडायची संधी मिळाली नाही.

आणि आता ज्यांना संधी मिळाली त्यांची गोष्ट. खरं तर मी आजचा एपिसोड यासाठीच केला.

७ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बर. 'यूएसएस ॲरिझोना' या युद्धनौकेच्या पुढच्या दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत जपानी बॉम्ब पोचला आणि जहाज काही मिनिटांत बसलं. १,१७७ जण मेले. नऊशेच्या वर माणसं अजून आत आहेत. वर १९६२ मध्ये पांढरं स्मारक झालं. त्यासाठी पैसे कमी पडत होते तेव्हा एल्व्हिस प्रेस्लीने कार्यक्रम करून ५० हजार डॉलरहून जास्त उभे केले होते. खालून आजही तेलाचे थेंब वर येत असतात.

त्या दिवशी ॲरिझोनावर नेमणुकीला असलेल्या आणि वाचलेल्या माणसाला १९८२ पासून एक पर्याय मिळाला. मेल्यावर त्याचा अस्थिकलश पाणबुडे खाली नेतात आणि चार नंबरच्या तोफेच्या बुडाशी असलेल्या फटीतून जहाजाच्या आत सोडतात. त्याआधी कधी ॲरिझोनावर नोकरी केलेल्यांची राख फक्त जहाजावरच्या पाण्यात पसरतात. आत जागा फक्त त्या दिवशीच्या माणसांना. इथे घरचे हजर असतात, स्मारकावरून बघतात.

लॉरेन ब्रूनर आणि डोनाल्ड स्ट्रॅटन. दोघेही त्या सकाळी जळत्या मनोऱ्यावर अडकले होते. शेजारी 'व्हेस्टल' नावाचं दुरुस्तीचं जहाज बांधलेलं होतं, त्यावरच्या जो जॉर्ज नावाच्या खलाशाने दोर फेकला. हातापायांची कातडी सोलवटलेली अशी सहा माणसं त्या दोरावरून, हातावर हात टाकत, आगीवरून पलीकडे गेली. ब्रूनर ७० टक्क्यांहून जास्त भाजला होता, स्ट्रॅटन ६५ टक्क्यांहून जास्त. जो जॉर्जला शौर्यपदक मिळालं २०१७ मध्ये, तो जाऊन एकवीस वर्षं झाल्यावर. त्यासाठी स्ट्रॅटन म्हातारपणी वॉशिंग्टनच्या खेपा घालत होता.

एकच दोर, एकच आग. पण दोघांनी वेगळं ठरवलं. ब्रूनरचं म्हणणं असं होतं की स्मशानातल्या कबरीकडे चार-पाच वर्षांनी कुणी फिरकत नाही, ॲरिझोनावर मात्र लोक येत राहतील. तो सप्टेंबर २०१९ मध्ये ९८ व्या वर्षी गेला आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला त्याचा कलश आत गेला. असा परत गेलेला तो ४४वा आणि शेवटचा. स्ट्रॅटनने साफ नकार दिला. एकदा जळून झालंय, आता पुन्हा दहन नको, असं तो सरळ सांगायचा. फेब्रुवारी २०२० मध्ये तो गेला आणि नेब्रास्कातल्या रेड क्लाउड या आपल्या गावी, समुद्रापासून शेकडो मैल दूर, मातीत पुरला गेला. ॲरिझोनाचा शेवटचा वाचलेला माणूस लू कॉन्टर. तो १ एप्रिल २०२४ ला १०२ व्या वर्षी वारला. त्याने बायकोच्या शेजारची जागा निवडली.

मला विचाराल तर मी स्ट्रॅटनच्या बाजूचा. साथीदारांजवळ परत जायची ओढ मला कळते, पण आयुष्यभर त्या एका सकाळचा माणूस म्हणून जगल्यावर मेल्यावरही तिथेच का परतायचं? अर्थात हे बोलणं सोपं आहे. माझे नऊशे मित्र कुठे बुडालेले नाहीत.

जाता जाता एक, जे कमी लोकांना माहीत असतं. पर्ल हार्बरमध्येच, बेटाच्या दुसऱ्या बाजूला, 'यूएसएस युटा' नावाचं जहाज त्याच दिवशी उलटलं. ५८ जण मेले, ५४ अजून आत आहेत. आणि त्यांच्याबरोबर एक तान्ही मुलगी आहे. जहाजावरच्या एका चीफ योमनला, म्हणजे कारकुनी काम बघणाऱ्या नौसैनिकाला, १९३७ मध्ये जुळ्या मुली झाल्या होत्या. त्यातली एक जन्माच्या सुमारासच गेली. तिच्या अस्थी नौदलाच्या पद्धतीने, धर्मगुरूच्या हातून समुद्रात सोडायच्या असं आईबापांनी ठरवलं होतं. त्यासाठी कलश बापाच्या लॉकरमध्ये ठेवलेला होता. तेवढ्यात ७ डिसेंबर उजाडला. बाप वाचला. कलश काढता आला नाही. तो अजून तिथेच आहे, आणि जुळी बहीण म्हातारी होईपर्यंत त्या जहाजाला भेट द्यायला येत राहिली.

आजच्यापुरतं इतकंच. युटाबद्दल वेगळा एपिसोड हवा असेल तर कळवा. काळजी घ्या, भेटू.