दॅट्स नॉट क्रिकेट!

परवा कॉन्फरन्स कॉलवर आमचा लंडनचा क्लायंट फणकारला, "दॅट्स नॉट क्रिकेट!" शेजारी बसलेली ट्रेनी गोंधळली. इथे क्रिकेट कुठून आलं? तिला म्हटलं, अगं, म्हणजे 'नियमात बसेलही, पण हे शोभत नाही.' चूक आमचीच होती. बग तसाच ठेवून नुसता एरर मेसेज लपवला होता आम्ही. 'लपव' म्हणणारे साहेब कॉलवर गप्प होते, सॉरी मी म्हटलं.

या वाक्प्रचाराची खरी परीक्षा झाली 1932-33 च्या ॲशेस मालिकेत. 1930 मध्ये ब्रॅडमनने इंग्लंडमध्ये पाच कसोटींत 974 धावा कुटल्या होत्या. त्यावर कर्णधार डग्लस जार्डिनने (जन्म आपल्या मुंबईतला बरं का, 1900 चा!) तोडगा काढला. चेंडू फलंदाजाच्या अंगावर टाकायचा आणि लेग साइडला क्षेत्ररक्षकांचं कडं उभं करायचं. हीच ती 'बॉडीलाइन'. हेल्मेट नव्हतीच तेव्हा. ॲडलेडला लारवूडचा चेंडू वुडफुलच्या छातीवर बसला आणि प्रेक्षक खवळले. ऑस्ट्रेलियाच्या बोर्डाने तार करून या खेळाला 'अखिलाडू' म्हटलं. तरी तेव्हा नियम काही मोडला नव्हता! इंग्लंड मालिका 4-1 जिंकलं. लारवूडच्या विकेट्स 33.

आता पुढची गंमत बघा. जार्डिन ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, हौशी 'जंटलमन'. लारवूड कोळशाच्या खाणीत राबून आलेला, पगारी 'प्लेअर'. जार्डिन पुढच्याच मोसमात कर्णधार म्हणून भारतात आला. डिसेंबर 1933 मध्ये मुंबईत, जिमखान्यावर, भारतातली पहिली कसोटी झाली ती त्याच्याच संघाविरुद्ध. लारवूडला मात्र 1934 मध्ये माफी मागायला सांगितलं गेलं. कप्तानाने सांगितलं तेच केलं, मग माफी कसली? त्याने साफ नकार दिला. इंग्लंडकडून तो परत कधीच खेळला नाही. शेवटच्या कसोटीच्या वेळी वय 28, म्हणजे माझ्याएवढंच! 1950 मध्ये तो चक्क ऑस्ट्रेलियातच राहायला गेला.

वाचून आधी बरं वाटलं. चला, आपण एकटे नाही :) पण मग एक गोष्ट टोचायला लागली. चेंडू सुटत होता तो लारवूडच्याच हातातून. आणि तो मेसेज लपवणारी ओळ माझ्याच बोटांनी टाइप झाली होती.

त्याच संघात पतौडीचे नवाब इफ्तिखार अलीही होते. सिडनीला पदार्पणातच शतक ठोकलं. पण त्या लेगच्या कड्यात उभं राहायला ते 'नाही' म्हणाले, असं सांगतात. दुसऱ्या कसोटीनंतर त्यांना बसवलं.

म्हणजे 'नाही' म्हणणंही स्वस्त नसतंच. असो. सोमवारी साहेबांशी बोलायचंय. तो मेसेज परत चालू करतोय, एवढंच सांगणार आहे.