अतिमानवांचे पुतळे : थोडा इतिहास, थोडी पारख

आपल्या वार्तापत्रात इतिहासावर लेख म्हटला की गडकिल्ले किंवा पेशवाई यायची, हे ठरलेलेच. या वेळचा विषय मात्र मुलांच्या खोलीतल्या फळीवरचा आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सुपरमॅन, बॅटमॅन किंवा स्पायडरमॅनचा एखादा पुतळा उभा असतो. त्याची किंमत ऐकली की आई म्हणते, "एवढ्यात भारताचं अर्धं तिकीट आलं असतं!" मुलगा म्हणतो, "आई, हे टॉय नाही, स्टॅच्यू आहे." या वादात कोणाची बाजू घ्यावी हे मला बरीच वर्षे कळत नव्हते.

मग एक प्रसंग घडला. आमच्या चिरंजीवांनी दोन उन्हाळे शेजाऱ्यांचे गवत कापून पैसे साठवले आणि कॉमिक्सच्या एका मेळाव्यात बॅटमॅनचा जुना पुतळा विकत घेतला. खोका मूळचा, सोबत प्रमाणपत्र, आणि बैठकीखाली हाताने लिहिलेला क्रमांक, तोही अगदी सुरुवातीचा. घरी आणून दिव्याखाली धरला, तर डाव्या घोट्याभोवती केसाएवढी रेघ. पाय मोडला होता, तो चिकटवून वरून रंग दिला होता. विकणारा पुन्हा सापडला नाही. पोरगा हिरमुसला आणि म्हणाला, "पण बाबा, नंबर तर खरा आहे ना?" नंबर खराच होता. मग फसगत नेमकी कुठे झाली, हे शोधता शोधता मी या पुतळ्यांच्या इतिहासात शिरलो.

सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला तो १९३८ साली, 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात. अंकाची किंमत होती १० सेंट. जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी तो निर्माण केला आणि त्याचे सारे हक्क १३० डॉलरला विकून टाकले. बॅटमॅन १९३९ सालचा. १९४० च्या सुमारास सुपरमॅनची लाकडी सांध्यांची बाहुली बाजारात आली. तिचे डोके लाकडाचा भुसा आणि सरस यांच्या लगद्याचे असे. हवेतल्या दमटपणाने अशा लगद्यावरचा रंग तडकतो. म्हणून त्या काळची बाहुली पारखणारे आधी चेहऱ्यावरच्या भेगा बघतात.

१९६३ साली न्यूयॉर्कजवळच्या 'ऑरोरा' कंपनीने विटांची भिंत फोडणारा सुपरमॅन काढला; पुढच्या वर्षी बॅटमॅन आला. हे प्लॅस्टिकचे सुटे भाग असत. ते मुलाने घरी चिकटवायचे आणि रंगवायचे. म्हणजे साचा कंपनीचा, पण शेवटचा कारागीर घरातला मुलगाच. म्हणून त्यातले जोडलेले नमुने आज एकसारखे दिसत नाहीत. कुठे डिंक ओघळलेला, तर कुठे सांधा घासून इतका साफ केलेला की बोट फिरवले तरी कळू नये.

खऱ्या अर्थाने 'पुतळे' आले ते १९९० च्या दशकात. तोवर अमेरिकेत फक्त कॉमिक्स विकणारी दुकाने गावोगावी झाली होती आणि लहानपणी अंक वाचणारी मुले कमावती झाली होती. जपानमधले हौशी लोक घरच्या घरी रेझिनच्या मूर्ती ओतू लागले होते, ते तंत्रही इकडे पोचले. पोर्टलंडचे शिल्पकार रँडी बोवेन हे या धंद्याच्या आरंभीचे मोठे नाव. १९९८ साली डीसी कंपनीने 'डीसी डायरेक्ट' नावाचा स्वतःचा विभाग काढला. टिम ब्रकनर, विल्यम पॅकेट अशा शिल्पकारांची नावे पुतळ्यांबरोबर लोकांना ठाऊक झाली. सीगल-शूस्टर यांना निर्माते म्हणून पुन्हा श्रेय मिळायला १९७५ साल उजाडावे लागले होते. ते आठवले की शिल्पकाराचे नाव खोक्यावर येणे किती मोठे होते, हे लक्षात येते. कारखान्यात तो पुतळा रंगवणाऱ्याचे नाव मात्र खोक्यावर सहसा नसते.

हे पुतळे बनत कसे, ते कळले की पारख निम्मी झालीच. शिल्पकार मातीत किंवा मेणात मूळ मूर्ती घडवतो. आता बरेच जण संगणकावर घडवून छापून घेतात. तिच्यावरून सिलिकॉन रबराचे साचे काढतात. साच्यात रेझिन ओततात. त्यात चिनी मातीची पूड मिसळली की 'कोल्ड कास्ट पोर्सेलिन', दगडाची पूड मिसळली की 'पॉलिस्टोन'. नावात पोर्सेलिन असले तरी भट्टी नाही. मिश्रण आपोआप घट्ट होते. मग साच्याच्या रेघा घासून काढतात आणि एकेक नग हाताने रंगवतात. हे काम बहुतेक चीनमधल्या कारखान्यांत होते.

आता प्रत्येक पायरीची चूक वेगळी असते. ओतताना हवा अडकली तर सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात, विशेषतः बोटांत आणि कानांत. घासण्यात घाई झाली तर दंडावरून, मांडीवरून सांध्याची उभी रेघ दिसते. रंगवण्यात घाई झाली तर छातीवरच्या चिन्हाचा रंग हद्द ओलांडतो. घोटे बारीक आणि वरचा भार मोठा, म्हणून चांगल्या कामात पायातून धातूची सळई घालतात. सळई नसली आणि पुतळा उष्णतेत राहिला, तर तो हळूहळू कलतो किंवा घोट्यातच मोडतो. उन्हात ठेवला तर पांढरा भाग पिवळा पडतो आणि लाल रंग विटतो.

पण या सगळ्याच्या आधी बघायचे ते डोळे. आपल्याला हे कोणी शिकवायला नको. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी जाणत्या हाताकडेच देतात, कारण अंग कितीही सुबक असले तरी बुबुळ जरा सरकले की मूर्ती बघवत नाही. बॅटमॅनचेही तेच. दोन्ही डोळे एकाच ठिकाणी बघताहेत का? भुवईची रेघ एका दमात ओढली आहे की थांबत थांबत?

दुसरी गोष्ट मूळ मूर्तीची. 'बॅटमॅन ब्लॅक अँड व्हाइट' नावाची एक मालिका डीसीने काढली, तिचे उदाहरण बोलके आहे. प्रत्येक पुतळा एका वेगळ्या चित्रकाराच्या शैलीवरून, आणि रंग फक्त काळा, पांढरा, करडा. भडक रंगाखाली लपवायला काही उरत नाही. माइक मिन्योलांचा बॅटमॅन टोकदार सावल्यांचा, तर ब्रूस टिमांचा मोजक्या सरळ रेघांचा. कागदावरची ती रेघ गोल मूर्तीत, पाठीमागूनसुद्धा, ओळखू आली तर शिल्पकाराने काम केले असे समजावे.

आणि क्रमांक? त्याचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून विक्रीला आला. पुढे मुलांचे कॉलेज यावर निघेल, अशा समजुतीने लोकांनी चार-चार प्रती घेऊन पिशवीसकट जपल्या. सगळ्यांनीच जपल्या, म्हणून दुर्मिळ काहीच झाले नाही. थोड्याच वर्षांत कॉमिक्सचा बाजार कोसळला आणि १९९६ च्या अखेरीस मार्व्हल कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. उलट १९३८ चा तो १० सेंटचा अंक मुलांनी वाचून फाडला, रद्दीत गेला, म्हणून थोडा उरला. त्याची एक प्रत २०१४ साली ३२ लाख डॉलरला विकली गेली. क्रमांक एवढेच सांगतो की नग किती काढले आणि हा कितवा. काम कसे झाले किंवा पुढे त्याचे काय झाले, हे तो सांगत नाही. आमच्या घरी चूक झाली ती इथेच. आम्ही पुतळा उलटा करून आकडा वाचला आणि सरळ करून घोटा बघितला नाही.

तेव्हा पुतळा घेताना खिडकीजवळ न्यावा, विकणाऱ्याच्या परवानगीने हातात घ्यावा. आधी डोळे, मग बोटे, मग घोटे. पाठ बघायला विसरू नये. रंगाची चकाकी एखाद्याच जागी वेगळी दिसली तर तिथे डागडुजी झाली असे धरावे आणि सरळ विचारावे. खोका आणि प्रमाणपत्र सगळ्यात शेवटी.

तो बॅटमॅन अजून आमच्याकडेच आहे. विकायचा झाला तर घोट्याचे सांगूनच विकायचा, असे चिरंजीवांनी स्वतःच ठरवले आहे. गेल्या भाद्रपदात पेणहून आलेली गणपतीची मूर्ती खोक्यातून काढली, तेव्हा तोच टॉर्च घेऊन पुढे आला. डोळे पाहिले, बोटे पाहिली, सोंडेखाली उजेड टाकला. आजी म्हणाल्या, "अरे, आधी नमस्कार तरी कर!" त्याने नमस्कार केला आणि म्हणाला, "आजी, काम चांगलं आहे."