विणलेल्या पुराणकथा : ‘इंग्रजी’ या विशेषणाचा विचार

सतराव्या शतकात युरोपीय राजवाड्यांच्या भिंतींवर पौराणिक कथांचे जे विणीव पडदे झळकत, त्यांपैकी काहींस कलेतिहासात ‘इंग्रजी टॅपेस्ट्री’ म्हणतात. येथे ‘इंग्रजी’ हे विशेषण नेमके कशास लागू पडते, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

प्रथम संज्ञेचा विचार करू. आपला जुना ‘चित्रपट’ हा शब्द येथे अपुरा पडतो. चित्रपटात आधी पट असतो आणि मग त्यावर चित्र येते. टॅपेस्ट्रीत चित्र आणि पट एकाच वेळी जन्मास येतात. काळाचौकी-लालबागच्या गिरण्यांत धोटा कापडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावत असे. टॅपेस्ट्रीत प्रत्येक रंगाची कांडी निराळी असते. रंगाची सीमा आली की आडवा धागा तेथूनच मागे वळतो. पैठणीचा पदर याच तत्त्वावर विणला जातो. म्हणून ही वीण मराठी वाचकास परकी नाही.

पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयाने सर फ्रान्सिस क्रेन याने १६१९ मध्ये लंडनजवळ, थेम्सकाठी, मॉर्टलेक येथे कारखाना काढला. त्यासाठी विणकर फ्लँडर्समधून आणले. तेथील पहिला संच व्हल्कन व व्हीनस यांचा. देवांचा लोहार व्हल्कन हा आपली पत्नी व्हीनस आणि युद्धदेव मार्स यांना अतिसूक्ष्म जाळ्यात पकडतो, ही कथा होमर व ओव्हिड यांच्या काव्यांतली. नमुना सोळाव्या शतकातील फ्लेमिश संचाचा. पुढे रोस्टॉक या जर्मन नगरात जन्मलेला आणि डेन्मार्कच्या राजदरबारी काम केलेला फ्रान्सिस क्लाइन तेथील प्रमुख आरेखक झाला. हीरो आणि लिअँडर यांच्या शोकान्त प्रेमकथेचा संच त्याच्याच चित्रांवरून विणला गेला.

म्हणजे कथा ग्रीक-रोमन, हात फ्लेमिश, रेखन जर्मनाचे. मग इंग्रजी काय उरले? उरला तो आश्रय, आणि त्यामागची दरबारी अभिरुची. हा अवशेष क्षुल्लक नव्हे. १६४२ मध्ये यादवी युद्ध पेटले, १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, आणि राजाश्रय तुटताच कारखान्यास उतरती कळा लागली. १७०३ मध्ये तो बंद पडला. कथा, विणकर आणि नमुने अन्यत्र मिळण्याजोगे होते. आश्रयदाता मात्र तेथलाच होता.

स्थलनाम आणि उगम यांतील हे अंतर भाषेतही दिसते. शेक्सपिअरच्या नाटकात पोलोनियस ज्या पडद्याआड मारला जातो, त्याचे ‘अ‍ॅरस’ हे नाव फ्रान्समधील अरास नगरावरून आले. पुढे पडदा कोठेही विणलेला असला तरी ते नाव टिकले. पैठणीचे नाव पैठणचे, परंतु आज तिचे मोठे विणकामकेंद्र नाशिक जिल्ह्यातील येवला हे आहे.

तात्पर्य, ‘उगम’ हा एकच प्रश्न नसून चार प्रश्न आहेत : कथा कोणाची, रेखन कोणाचे, हात कोणाचा आणि द्रव्य कोणाचे? विशेषण बहुधा चौथ्याचे उत्तर देते आणि उरलेली तीन झाकते. विणकराचा हात या झाकलेल्यांतच येतो; संशोधकाने तो उघड करावा, हे इष्ट.