पाचशे वीस दिवसांचा मंगळप्रवास, मॉस्कोच्या जमिनीवर

३ जून २०१० रोजी मॉस्कोतील 'इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल प्रॉब्लेम्स' या संस्थेच्या इमारतीत सहा पुरुष एका बिनखिडक्यांच्या दालनात शिरले आणि त्यांच्यामागे दार बंद झाले. ते उघडले ४ नोव्हेंबर २०११ रोजी. मधल्या ५२० दिवसांत ही मंडळी मंगळावर जाऊन परत आली, असे मानायचे. २५० दिवस जाण्याचे, ३० दिवस मंगळाच्या सान्निध्यात आणि २४० दिवस परतीचे, असा हा 'मार्स-५००' मोहिमेचा हिशेब होता. युरोपियन अवकाश संस्थेचा त्यात सहभाग होता. प्रवास खोटा, पण कोंडणे खरे. माणूस हे कोंडणे सोसू शकतो का, एवढेच तपासायचे होते.

पथकात रशियाचे तिघे होते: मोहीमप्रमुख अलेक्सी सितेव्ह, डॉक्टर सुखरोब कामोलोव्ह आणि अलेक्सांद्र स्मोलेयेव्हस्की. त्यांच्यासोबत फ्रान्सचे रोमँ शार्ल, इटलीचे दिएगो उर्बिना आणि चीनचे वांग युए होते. राहण्याच्या व कामाच्या दालनांचे एकूण आकारमान सुमारे ५५० घनमीटर होते. प्रत्येकाला झोपण्यासाठी जेमतेम ३ चौरस मीटरची खोली होती. मुंबईच्या चाळीतील मोरीहून फार मोठी नव्हे. भिंतींना लाकडी तक्तपोशी होती, त्यामुळे आतून हे सारे यानापेक्षा जुन्या विश्रामगृहासारखे दिसे.

दिवस सुरू होई तो तपासण्यांनी. रक्तदाब, वजन, लघवीचे नमुने, ठरावीक दिवशी रक्त. मग न्याहारी, प्रयोग, व्यायाम, यंत्रांची देखभाल. शंभराहून अधिक प्रयोग ठरलेले होते आणि बहुतेकांत प्रयोगाचा विषय स्वतः प्रवासीच होते. रात्री यंत्रणेवर लक्ष ठेवायला आळीपाळीने एक जण जागा राही. दूरचित्रवाणी नाही, इंटरनेट नाही. बाहेरून येत ती पत्रे व चित्रफिती, त्याही उशिरा. पृथ्वी व मंगळ यांच्यातील अंतरानुसार संदेशाला ३ ते २२ मिनिटे लागू शकतात. म्हणून येथेही मुद्दाम विलंब ठेवला होता. प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत दुसरे काम उरकावे, अशी तऱ्हा. अधूनमधून वीज गेल्याचे वा संपर्क तुटल्याचे नाटकही व्हायचे.

जेवणाची कथा निराळी. जर्मन संशोधक येन्स टिट्झे यांच्या गटाने मिठाचे प्रमाण दिवसाला १२ ग्रॅमवरून ९ आणि मग ६ ग्रॅमवर आणले. वाढलेले सगळे संपवायचे, हा नियम. ताटात टाकण्याची सोय नाही, वरून चिमूटभर घेण्याचीही नाही. आधीच्या १०५ दिवसांच्या मोहिमेतील आणि या मोहिमेतील मिळून १० जणांच्या नोंदींतून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. खाल्लेले मीठ रोज सारखेच असले, तरी शरीर ते रोज सारखे बाहेर टाकत नाही. त्यात साधारण आठवड्याचा चढउतार असतो. खारट खाल्ले की जास्त पाणी प्यायले जाते, ही समजूतही डळमळली. जादा मीठ खाणाऱ्यांनी दीर्घकाळात पाणी कमी प्यायले, भूक मात्र वाढली. मंगळासाठी केलेल्या प्रयोगाने रक्तदाबाच्या डॉक्टरांना विचारात पाडावे, हे विशेष.

१२ फेब्रुवारी २०११ रोजी तिघे 'मंगळावर' उतरले. लाल वाळू पसरलेल्या शेजारच्या दालनात अंतराळपोशाख घालून १४ फेब्रुवारीला स्मोलेयेव्हस्की व उर्बिना प्रथम चालले. हा उत्सवाचा काळ. खरी कसोटी त्यानंतरच्या परतीच्या आठ महिन्यांची, कारण आता वाट पाहण्याजोगे काही उरले नव्हते.

अमेरिकेतील माथियास बॅस्नर यांच्या गटाने प्रवाशांच्या मनगटावरच्या यंत्रांतून झोप व हालचाल मोजली. दिवस सरत गेले तशी माणसे अधिकाधिक बसून वा पडून राहू लागली. एकाचे शरीर २४ ऐवजी सुमारे २५ तासांचा दिवस पाळू लागले. त्यामुळे इतर जागे असताना तो झोपलेला असे. एकाने जवळपास सर्व आठवड्यांत, ९३ टक्के, उदासीनतेची लक्षणे नोंदवली. नोंदल्या गेलेल्या खटक्यांपैकी ८५ टक्के फक्त दोघांच्या खात्यावर होते. दोघे मात्र काहीच न झाल्यासारखे राहिले. आणखी एक गंमत म्हणजे आपापसातल्या खटक्यांपेक्षा बाहेरच्या नियंत्रण कक्षाशी झालेले खटके पाचपट होते. आतल्यांना आतले समजत होते. राग यायचा तो वेळापत्रक पाठवणाऱ्यांचा.

अर्थात वजनरहित अवस्था व किरणोत्सर्ग हे प्रवासातील मोठे धोके येथे नव्हते. शिवाय कोणालाही दार उघडून बाहेर पडण्याची मुभा होती. तशी मागणी करून कोणी बाहेर आले नाही.

त्यानंतर असे प्रयोग इतरत्र झाले. हवाईतील मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर २०१५-१६ मध्ये सहा जण वर्षभर राहिले. ह्यूस्टनमध्ये 'नासा'च्या त्रिमिती छपाईने उभारलेल्या घरात चौघांनी २०२३ च्या जूनपासून ३७८ दिवस काढले. हवाईत २०१८ च्या फेब्रुवारीत सुरू झालेली मोहीम मात्र काही दिवसांतच गुंडाळावी लागली. एका सदस्याला विजेचा धक्का बसला आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले.