परसात उगवलेले रोप आणि गुन्ह्याची जात

झाड लावले जाते, तसे ते आपोआप उगवतेही. परसात चार वांगी-मिरच्या लावणाऱ्या बाईला ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. कायद्याच्या दारात मात्र हीच साधी गोष्ट सिद्ध करावी लागते, आणि ती सिद्ध करण्याची ताकद या देशात सगळ्यांकडे सारखी नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात, बोरी अरब आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये काम करताना पावसाळा सरला की हा प्रश्न आम्हाला कुणी ना कुणी दबक्या आवाजात विचारते. "दादा, न्हाणीमांगं भांगेसारखं झाड उगवलं. उपटू का राहू देऊ? पोलीस आले तं का सांगू?" प्रश्न एका रोपाचा वाटतो. पण विचारणाऱ्याच्या आवाजातली भीती त्या रोपापेक्षा जुनी आहे. ती कुठून आली हे समजून घ्यायचे असेल तर इतिहासात जावे लागेल.

आधी झाड ओळखू या

विदर्भात अनेकदा घोळ होतो तो अंबाडीमुळे. कपाशी-तुरीच्या धुऱ्यावर येणाऱ्या अंबाडीचे पान बोटांसारखे फाटलेले असते आणि लांबून भांगेसारखे दिसते. हे साम्य इतके आहे की वनस्पतिशास्त्रात अंबाडीचे नावच 'हिबिस्कस कॅनाबिनस', म्हणजे भांगेसारखी जास्वंद, असे पडले. पण अंबाडीचे फूल मोठे, पिवळे आणि मध्यभागी गर्द असते. पान आंबट, खोडाला बारीक काटे. भांगेचे पान म्हणजे एकाच देठाच्या टोकावरून फुटलेली पाच, सात किंवा नऊ अरुंद, कातरलेल्या कडांची पाने. फुले हिरवी, बारीक, आणि वास उग्र.

हिमालयाच्या पायथ्याशी भांग रानोमाळ आपोआप माजते. आपल्याकडे तसे नाही. इथे एखादे रोप दिसले तर ते बहुतेक वेळा सांडलेल्या बियांचे असते. गांजा ओढणारा बी निवडून फेकतो, पाखरांच्या दाण्यातही ते बी असते. उकिरड्याजवळ, सांडपाण्याच्या ओलीत ते रुजते. ज्याच्या परसात रुजले, त्याचा त्यात काही हात असेलच असे नाही.

विनयपिटकातली भांग

आम्ही बौद्ध आहोत. पाचवे शील आम्हाला नशेपासून आणि नशेतून येणाऱ्या प्रमादापासून दूर राहायला सांगते. त्यामुळे हा लेख गांजाची वकिली आहे असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. गांजाने, दारूने, खर्ऱ्याने आमच्या वस्त्यांतली किती घरे पोखरली हे आम्ही रोज पाहतो.

पण धम्म वनस्पतीला पापी ठरवत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात भिक्खूंना चीवरासाठी सहा प्रकारच्या कापडांची परवानगी आहे: क्षौम, कापूस, रेशीम, लोकर, साण आणि भंग. 'साण' म्हणजे ताग-सणासारखा धागा. 'भंग' म्हणजे भांगेचा धागा असे काही अभ्यासक मानतात, तर अट्ठकथेत इतर धाग्यांच्या मिश्रणाचाही अर्थ दिला आहे. याच महावग्गात पिलिन्दवच्छ या भिक्खूला वाताचा त्रास झाला तेव्हा शेक-वाफाऱ्याच्या उपचारांमध्ये 'भंगोदक', म्हणजे भांग उकळलेल्या पाण्याचा उपाय सांगितला आहे. एकीकडे मद्यपानाला मनाई, दुसरीकडे औषध म्हणून भंगोदक. विरोधाभास वाटेल, पण नाही. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत पाहिले. वस्तू तीच असते. तिच्याशी माणूस काय आणि कशासाठी करतो, हा प्रश्न आहे.

धाग्यालाही जात लावली

वर्णव्यवस्थेने मात्र वनस्पतीलाही विटाळ चिकटवला. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात नोंद आहे की तागाची लागवड अनेक शेतकरी जाती हलकी मानत, आणि ते काम करणाऱ्यांची वेगळी, खालची जात झाली. दोरखंड वळण्याचे काम मातंग समाजाच्या माथी आले. बैलाची वेसण, विहिरीचा नाडा, मोटेचा सोल सगळ्या गावाला हवा, पण वळणाऱ्याचा स्पर्श नको! आणि त्याच वेळी महाशिवरात्रीला घोटलेली भांग मात्र प्रसाद. श्रमाचा धागा अपवित्र आणि नशेचा पेला पवित्र, हे गणित फक्त ब्राह्मणी व्यवस्थेतच बसू शकते.

१८९३ चा आयोग

ब्रिटिश संसदेत २ मार्च १८९३ रोजी दारूबंदीचे पुरस्कर्ते खासदार केन यांनी हिंदुस्थानातील गांजा-भांगेचा प्रश्न उपस्थित केला. त्यातून मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांचा 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमला गेला. आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. सातव्या खंडात मुंबई इलाख्यासोबत वऱ्हाडातल्या साक्षी आहेत. त्या वेळी आजचा यवतमाळ जिल्हा इंग्रजी दप्तरात 'वून' जिल्हा होता, आणि वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात येऊन चाळीस वर्षे झाली होती. गांजाची मोठी शेती मुंबई इलाख्यात अहमदनगरकडे आणि मध्य प्रांतात खांडव्याकडे होत असे.

आयोगाचा निष्कर्ष असा की माफक सेवनाने फारसे नुकसान होत नाही. सरसकट बंदी नको, कर आणि परवाने असावेत. बंदी आणली तर साधू-फकिरांच्या धार्मिक भावना दुखावतील, ही चिंताही होती. मुंबई इलाख्यातले अधिकारी कॅम्पबेल यांचे 'भांगेच्या धर्मा'वरचे टिपणच अहवालाला जोडलेले आहे. आपोआप उगवणारी भांग समूळ नष्ट करणे व्यवहार्य नाही, हेही आयोगाने मान्य केले. पण लागवड थोड्या ठिकाणी, सरकारी नजरेखाली आणावी, अशी शिफारस केली. म्हणजे परवानाधारकाची शेती वैध आणि परसातली दोन झाडे संशयास्पद. प्रश्न आरोग्याइतकाच महसुलाचाही होता.

याच सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणून पारध्यांसारख्या समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची वाट मोकळी केली होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पोलीस ठाण्यातली ती नजर रद्द झाली का, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही पारधी बेड्यावर जाऊन विचारावे.

१९८५ चा कायदा काय म्हणतो

भारताने १९६१ चा आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ करार स्वीकारला. त्यात जुन्या वापरासाठी मिळालेली २५ वर्षांची सवलत संपत आली तेव्हा एनडीपीएस कायदा आला. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू आहे. या कायद्यात 'गांजा' म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे पानांची भांग या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली. महाराष्ट्रात तिच्यावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. पण झाडाची लागवड हा कलम २० खाली स्वतंत्र गुन्हा आहे: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. सणाच्या पेल्यासाठी व्याख्येत फट राहिली, परसातल्या झाडासाठी नाही.

खरा धोका कलम ३५ मध्ये आहे. सामान्य फौजदारी खटल्यात आरोपीचा हेतू सरकार पक्षाने सिद्ध करायचा असतो. इथे न्यायालय गुन्हेगारी हेतू गृहीत धरते, आणि तो नव्हता हे आरोपीने संशयापलीकडे सिद्ध करायचे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली, पण पायाभूत तथ्ये आधी सरकार पक्षानेच सिद्ध केली पाहिजेत असेही बजावले.

परसातल्या रोपासाठी त्याहून महत्त्वाचा निकाल २००४ चा आहे. उत्तर प्रदेशातील एका माणसाला जमिनीत गांजाची झाडे सापडली म्हणून शिक्षा झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. जमिनीत बी असेल तर अशी झाडे निसर्गतःही उगवू शकतात. आरोपीनेच ती लावली, जोपासली याचा पुरावा हवा, असे न्यायालयाने म्हटले. उगवणे आणि लावणे यातला फरक देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. पण तिथपर्यंत पोहोचायला त्या माणसाला किती पायऱ्या चढाव्या लागल्या! बोरी अरबच्या वस्तीतला रोजमजूर त्या चढू शकेल का? ज्याचा वाडा आहे, पाटीलकी आहे, ठाण्यात ओळख आहे, त्याच्या परसातले झाड 'उगवलेले' ठरते. ज्याचे झोपडे गावकुसाबाहेर आहे, त्याचे 'लावलेले' ठरण्याचा धोका मोठा. संशयाचा फायदा कुणाला मिळतो, यातच गुन्ह्याची जात दिसते.

बाबासाहेबांची दुहेरी भूमिका

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पण १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जाहीरनाम्यात त्यांनी सरकारी दारूबंदी रद्द करून तो महसूल वाचवावा, असे मांडले होते. यात विसंगती शोधणाऱ्यांना शील आणि दंड यातला फरक कळलेला नाही. शील माणूस स्वतः स्वीकारतो. दंड राज्य लादते, आणि विषम समाजात तो वरून खाली घरंगळत येतो. आम्ही नशामुक्तीचे काम करतो ते शीलाच्या बळावर. पोलिसांच्या काठीवर आमचा भरवसा नाही.

मग करायचे काय?

रोप ओळखा. अंबाडी असेल तर भाजी करून खा. भांग असेल तर ते वाढवू नका, तोडून वाळवू नका, घरात ठेवू नका, कुणाला देऊ नका, कारण तिथून 'जवळ बाळगणे' सुरू होते. रोप असेल तिथेच फोटो काढा. पोलीस पाटील किंवा ठाण्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि दोन साक्षीदारांसमोर ते उपटले जाऊ द्या. बेकायदा लागवडीची माहिती देणे कलम ४६ खाली जमीनधारकावर आणि कलम ४७ खाली सरपंच-पंचांवरही बंधनकारक आहे. रोप आपोआप उगवलेले असले तरी तुमचा अर्ज हाच हेतू नसल्याचा पहिला पुरावा ठरतो. कारवाई झालीच तर पंचनाम्यात झाडांची संख्या, उंची, शेंडे होते की नाही हे लिहून घ्यायला लावा. मुळे, माती, खोड सगळे एकत्र तोलून 'गांजा' लिहिला जात असेल तर तिथेच हरकत नोंदवा. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून कबुलीवर अंगठा देऊ नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. दारव्ह्याच्या न्यायालयातही हा हक्क मागता येतो.

गावची खबर पाटलाला नेऊन देण्याचे काम महाराने पिढ्यान्‌पिढ्या केले, पण त्या खबरीचे पुढे काय होणार हे ठरवण्याचा अधिकार त्याला कधीच नव्हता. आज अर्ज लिहिणारा हात आपला आहे, पोच मागणारा आवाज आपला आहे. तो वापरा.

जय भीम! नमो बुद्धाय!